भुतानं केलं की माणसानं? बाहेरची बाधा आणि गुन्ह्याची जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारीची कामं बघते. मधूनमधून कॉलेजात, बचत गटात या विषयावर बोलायला बोलावतात आणि तिथून घरी आले की रात्री मेसेज सुरू होतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

1. अंगात येणं, वारं येणं, बाहेरचं लागणं, झपाटणं… हे सगळं एकच ना?

बोलताना आपण सगळं एकात एक करतो पण गावात फरक पाळतात. अंगात येतं ते देवाचं: काळूबाई, यल्लमा, खंडोबा, एखादा पीर. त्याला मान असतो, लोक पाया पडतात, कौल विचारतात. आणि लागतं ते भूत: मुंजा, समंध, खवीस, हडळ. ते उतरवायचं असतं. कोकणातला देवचार दोन्हीच्या मधे, खूश असला तर राखणदार, बिनसलं तर त्रास. ज्याच्या अंगात आलंय त्याला 'झाड' म्हणतात आणि या एका शब्दातच सगळा घोळ आहे बघा, म्हणजे बोलणारा दुसराच कोणीतरी, समोरचं माणूस नुसतं झाड. देव आला तर श्रेय देवाला, भूत आलं तर मार झाडाला.

2. "मी नाही केलं, भुतानं करवलं" असं सांगितलं तर कोर्ट सोडतं का?

नाही. भूत नावाचा आरोपी कायद्याला माहीत नाही. कोर्ट भूत आहे की नाही यात पडतच नाही, ते एवढंच बघतं की या माणसाचं डोकं त्या वेळी ठिकाणावर होतं का (पुढचा प्रश्न बघा).

परदेशातही वेगळं नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये 1981 साली एका खुनाच्या खटल्यात वकिलानं सरळ सैतानाचा बचाव घ्यायचा प्रयत्न केला होता. जजनं सांगितलं की हे पुराव्यानं सिद्ध होण्यासारखं नाही, ज्युरीसमोर येऊच देणार नाही. आरोपीला शेवटी सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली.

3. मग वेडाच्या नावाखाली सुटतात ते कसे?

भारतीय न्याय संहितेचं कलम 22. 1 जुलै 2024 च्या आधीची घटना असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम 84, मजकूर जवळपास तोच. सोप्या भाषेत: कृत्य करताना मनाच्या विकारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं, किंवा हे चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचा तो गुन्हा धरत नाहीत. ही कसोटी मूळची 1843 सालची, इंग्लंडातली. मॅक्नॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली होती, त्या केसवरून आलेली.

लोक दोन ठिकाणी फसतात. एक, डॉक्टरची फाईल असली की झालं असं वाटतं. नाही होत. आजार असणं वेगळं आणि त्या आजारानं त्या क्षणी समजच गेलेली असणं वेगळं, कोर्टाला दुसरं लागतं. दोन, सिद्ध कोणी करायचं? आरोपीनं, पण सरकार पक्षाइतकं कडक नाही, शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. 1964 साली गुजरातच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे नीट मांडलंय, आणि असंही म्हटलंय की पुराव्यातून आरोपीच्या हेतूबद्दलच रास्त शंका उभी राहिली तरी त्याचा फायदा त्याला मिळतो.

प्रत्यक्षात कोर्ट बघतं आधी, तेव्हा आणि नंतर तो कसा वागला. कोयता विहिरीत टाकला, शर्ट धुतला, पहाटेच्या एसटीनं बहिणीकडे गेला आणि "मी तीन दिवस इथेच होतो असं सांग" म्हणाला, तर मग कुठलं भूत? भुताला पोलिसांची भीती नसते.

आणि या कलमाखाली निर्दोष ठरला तरी तो दुसऱ्या दिवशी पारावर येऊन बसत नाही, त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायचं, उपचार करायचे की हमीवर नातेवाइकांकडे द्यायचं हे कोर्ट ठरवतं.

4. माझ्या भावाला खरंच आवाज ऐकू येतात. कोणीतरी "मार त्याला" म्हणतं. उद्या त्यानं काही केलं तर तो दोषी का?

पहिली गोष्ट, आधी उपचार. आवाज हुकूम देतायत म्हणजे थांबायची वेळ गेली. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तो आत्ता कोणाच्या अंगावर जात असेल तर फोन करत बसू नका, जवळचं सरकारी हॉस्पिटल गाठा.

आता कायद्याचं. इथे वकीलसुद्धा भांडतात. समजा त्याला कळतंय की खून हा गुन्हा आहे, पण देवानंच सांगितलंय म्हणजे हे बरोबरच, असं त्याला मनापासून वाटतंय. कलकत्ता हायकोर्टाचा 1949 सालचा एक निकाल आहे. बापाला स्वप्नात आज्ञा झाली की मुलाचा बळी दे, सकाळी त्यानं पाच वर्षांच्या पोराला मशिदीत नेऊन मारलं. कोर्टानं त्याला सोडलं, कारण आपण करतोय ते योग्यच आहे या भ्रमात तो होता. पण हा निकाल सगळ्यांना पटलेला नाही, कायद्याविरुद्ध आहे एवढं कळत होतं तर बास, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. भरवसा ठेवून बसावं असा तो निकाल नाहीच.

माझं मत विचाराल तर ज्याला आवाज ऐकू येतात तो खोटारडा नसतो आणि राक्षसही नसतो. जबाबदारी शोधायची तर ज्यांना सहा महिने माहीत होतं आणि ज्यांनी दवाखान्याऐवजी उतारे टाकले, त्यांच्याकडेही बघा. पुढे 9 नंबर आहे.

5. दारूच्या नशेत केलं तर? ते पण अंगात आल्यासारखंच ना?

नाही. कोणी फसवून किंवा जबरदस्तीनं पाजली असेल आणि त्यामुळे काहीच कळत नसेल तरच सूट (नव्या संहितेत कलम 23). स्वतः बाटली उघडली तर शुद्धीवर असताना जेवढी समज असती तेवढी होती असं कायदा धरून चालतो (कलम 24). बाटली भुतानं उघडली नव्हती.

6. अंधारात भूत समजून काठी मारली आणि तो माणूस निघाला तर?

हा प्रश्न कॉलेजची पोरं हसत हसत विचारतात, पण इथे आरोपी सुटू शकतो. 1958 चं ओरिसातलं रासगोविंदपूर. युद्धाच्या काळातला ओसाड पडलेला विमानतळ, तिथे भुतं आहेत असं सगळा गाव म्हणायचा. भंगार घ्यायला आलेल्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याबरोबर एक नेपाळी नोकर होता. मध्यरात्रीच्या सुमाराला त्यांना लांबवर उजेड हलताना दिसला, भोवती आकृत्या नाचल्यासारख्या. नोकराची खात्री पटली की ही भुतंच, खुकरी घेऊन धावला आणि सपासप वार केले. त्या मोहाची फुलं वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या, हातात कंदील. एक गेली, बाकीच्या जखमी झाल्या.

सेशन्स कोर्टानं सोडलं, सरकार अपिलात गेलं, हायकोर्टानंही सुटका कायम ठेवली. कारण वस्तुस्थितीबद्दलची प्रामाणिक चूक. त्याच्या मनात माणूस मारायचं नव्हतंच, त्याच्या लेखी समोर माणूस नव्हता. तेव्हाचं कलम 79, आताचं 17.

मला विचाराल तर कायद्यानं निकाल बरोबर आहे. पण तो शिकवताना दरवेळी मी त्या कंदिलापाशी अडते. ज्या उजेडाला तो भूत म्हणाला तो बाईनं रस्ता दिसावा म्हणून हातात धरलेला होता.

7. मग डाकीण समजून मारलं तर तीच सूट?

अजिबात नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या कारण याच्यावर वाद घालणारे खूप भेटतात. वरच्या केसमध्ये त्याला माणूस दिसलाच नव्हता. डाकीण ठरवून मारतात तेव्हा समोर कोण आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं, तिचं नाव, तिचं घर, तिच्या शेताचा बांध सगळं. "ही माणूस आहे पण वाईट आहे" ही वस्तुस्थितीची चूक नाही, तो तिच्यावर चालवलेला खटला आहे आणि शिक्षाही तुम्हीच ठरवलीय. सातपुड्यात, नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगाव भागात डाकीण प्रथेवर काम करणारे कार्यकर्ते सांगतात की आधी पोर आजारी पडतं, मग नाव निघतं, आणि नाव बहुतेक वेळा एकट्या बाईचं किंवा जिच्या जमिनीवर कोणाचा तरी डोळा आहे तिचं निघतं. अंधश्रद्धा आंधळी म्हणतात, पण सातबारा तिला बरोबर दिसतो.

8. भगत म्हणतो "मार हिला लागत नाही, भुताला लागतो". हे खरं का?

वळ कोणाच्या अंगावर उठतात ते बघा, उत्तर मिळेल.

मी पाहिलेलं सांगते. एका घरी गेले होते, केससाठीच. विशीतली सून, बाळंतपणाला दोन महिने झालेले, झोप नाही, एकटीच बोलायची, बाळाला जवळ घेईना. भगतानं तव्यावर लाल मिरच्या टाकून धूर दिला होता. ओसरीवर बसलेले सगळे खोकत खोकत बाहेर आले, म्हातारे, पोरं, भगतसुद्धा तोंडाला पंचा लावून, आत फक्त तिला धरून ठेवलेलं. नंतर मी सासऱ्यांना विचारलं, "काका, धूर भुताला होता तर तुम्ही का बाहेर आलात?" ते म्हणाले, "आम्हाला ठसका लागला ना वकीलबाई." बाळंतपणानंतरचा आजार होता तो, औषधानं बरी झाली, आता अंगणवाडीत मदतनीस आहे.

खुनी म्हणतो तो मी नव्हतो, भगत म्हणतो ती ती नव्हती. युक्ती एकच, मधलं माणूस काढून टाकायचं.

महाराष्ट्रात हा सरळ गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात झाला, त्यानंतर आठवड्याभरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम हेच आहे: भूत उतरवायच्या नावाखाली दोरीनं-साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी, केसानं छताला टांगणं, चटके देणं, तोंडात मलमूत्र घालणं. (यादी वाचताना वाटतं कोणाच्या डोक्यातून आलं असेल हे, तर कोणाच्या डोक्यातून नाही, घडलेलं बघून लिहिलंय.) शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000. दखलपात्र आणि अजामीनपात्र.

9. आम्ही आईला भगताकडे नेलं होतं, चांगल्या मनानंच. आम्ही पण गुन्हेगार का?

नेण्यानं नाही. पण तिथे जे झालं त्यात हात धरले, पाय धरले, "अजून मारा" म्हणालात, तर हो. या कायद्यात मदत करणारा आणि चिथावणी देणारा करणाऱ्याइतकाच धरतात. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हे अनुसूचीत वेगळं दिलंय.

चांगल्या मनाचं म्हणाल तर जर्मनीतली एक केस सांगते. आनेलीझे मिशेल, 23 वर्षांची कॉलेजची मुलगी, फेफऱ्याचा त्रास. घरच्यांनी आणि दोन पाद्र्यांनी जवळपास दहा महिने सैतान काढायचे विधी केले, 67 वेळा. खाणं बंद, औषध बंद. 1 जुलै 1976 ला गेली तेव्हा वजन 30 किलोच्या आसपास होतं. आईवडील तिच्यावर जीव टाकणारेच होते, यात कोणालाच शंका नव्हती. तरी 1978 मध्ये कोर्टानं आईवडील आणि दोन्ही पाद्री चौघांनाही निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी धरलं, सहा महिन्यांची स्थगित शिक्षा. म्हणजे तुरुंगात गेले नाहीत, पण दोष दोषच राहिला.

10. तीर्थक्षेत्री साखळीनं बांधून ठेवतात, तिथे तर देवाचं राज्य. तिथे पण कायदा लागतो?

लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 95, मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायचं नाही. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या अशाच एका ठिकाणी 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे आग लागली, 28 जण मेले, साखळ्यांमुळे पळता आलं नाही.

पण सगळीकडे तसंच असतं असंही नाही. गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा-दुवा' म्हणून उपक्रम आहे. मुजावर दुवा देतात आणि तिथेच मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, गोळ्या सुरू करतात. गाणगापूर, सैलानी इथे जाणाऱ्या घरांनाही मी हेच सांगते, जा, पण गोळी चुकवू नका.

11. मग आमच्या घरी नवरात्रात अष्टमीला घागरी फुंकतात, काकूच्या अंगात येतं, हे पण बेकायदा का?

नाही हो. घरातली, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली जी उपासना कोणाला शारीरिक इजा करत नाही, आर्थिक नुकसान करत नाही तिला जादूटोणाविरोधी कायद्यानं हात लावलेला नाही. कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा सगळं चालतं.

आमच्याकडेही असायचं. उकडीचा मुखवटा, समोर समई, आणि एक मावशी घागर फुंकता फुंकता घुमायला लागायची, केस सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, एवढ्याशा माजघरात गरागरा. मी लहानपणी एकच गोष्ट बघत बसायचे, तिचा पाय समईला कधीच लागला नाही. एकदाही नाही. नाटक होतं असं मला वाटत नाही, पण पूर्ण हरवलेली होती असंही वाटत नाही. माणसाच्या आत काहीतरी जागं राहतं जे समई चुकवतं. जबाबदारीचा विचार करताना मला कलमांच्या आधी ती समई आठवते.

12. अंगात आलेल्या बाईनं "अमकीनं करणी केली" असं नाव घेतलं. आता तिला जबाबदार धरायचं की देवाला?

तिला, आणि तिला प्रश्न विचारणाऱ्यांना. अमका करणी करतो, जादूटोणा करतो, त्याच्यामुळे रोगराई आली असं जाहीर करणं या कायद्यात गुन्हा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हाही आहे. आणि नाव आपोआप येत नाही, "कोण आहे, शेजारची आहे का, नाव सांग" असं विचारून विचारून काढलेलं असतं. साक्षीदाराला असे प्रश्न मी कोर्टात विचारले तर समोरचा वकील उठून उभा राहील.

13. सुनेच्या अंगात आलं की ती सासूला वाट्टेल ते बोलते. नाटक करते का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्या बहुतेक सासवाच.

डॉक्टरांच्या यादीत याला जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, त्यात झपाटल्याच्या तंद्रीचा विकार वेगळा नोंदवलाय. पण अट आहे: ती अवस्था नकोशी, आपोआप येणारी आणि त्रास देणारी असायला हवी. समाजानं मान्य केलेला विधी, म्हणजे आमच्या मावशीसारखं, तो आजार धरत नाहीत. म्हणजे तुमच्या सुनेचं काय ते फोनवर मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.

पण एक करून बघा. ती त्या अवस्थेत काय बोलली ते लिहून काढा आणि भुताचं नाव वगळून वाचा. एका घरात मी हे केलं होतं. "मला पोटभर खाऊ द्या, मला माहेरी जाऊ द्या, हिच्या अंगावरचे दागिने परत द्या." सासू म्हणाली, हडळ बोलली. मी म्हटलं, मावशी, हडळीला माहेर असतं का? ज्या घरात सुनेनं बोललेलं ऐकून घेत नाहीत तिथे हडळीचं ऐकतात. ती मुद्दाम करते असं नाही म्हणत मी. पण अशा बोलण्याबद्दल तिला जाब विचारायच्या आधी मागणी काय होती ते बघा.

14. धर्मात याचं काही उत्तर आहे का? की फक्त कायदाच?

आहे, आणि मला ते कायद्यापेक्षा बारीक वाटतं. महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट. कली त्याच्या अंगात शिरायला टपून बसला होता, बारा वर्षांनी संधी मिळाली कारण एक दिवस नळ पाय न धुता संध्येला बसला. मग फासे, राज्य गेलं, आणि झोपलेल्या दमयंतीला रानात सोडून तो निघून गेला. पुढे कर्कोटक नागाच्या विषानं आतला कली होरपळला, बाहेर पडला आणि बेहड्याच्या झाडात शिरला.

नंतर दमयंती समोर येते तेव्हा नळ म्हणतो, ते मी नाही केलं, कलीनं केलं. इथपर्यंत आपल्या आरोपीसारखंच. पण राज्य जिंकून घेतल्यावर ज्यानं त्याला लुटलं त्या भावाला, पुष्कराला, तो काय सांगतो? तूही नाही केलंस, तेही कलीचंच काम, दुसऱ्याचा दोष मी तुझ्यावर ठेवणार नाही. आणि त्याला त्याचा वाटा देऊन सोडतो. जी सूट स्वतःसाठी मागितली तीच ज्यानं वाईट केलं त्यालाही दिली. माझ्याकडे "भुतानं करवलं" म्हणत आलेल्यांपैकी समोरच्या पार्टीलाही भुतानंच करवलं असेल असं म्हणणारा अजून एकही भेटलेला नाही.

गीतेत तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, मनात नसताना, कोणी ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? उत्तरात भूत नाही, काम आणि क्रोध आहे. बाहेरचं नाही, घरातलंच.

15. नवरा मारतो. दुसऱ्या दिवशी रडतो, म्हणतो "तो मी नव्हतोच, बाहेरचं शिरलं होतं". घरचे म्हणतात उतारा टाकू. मी काय समजू?

ताई, आधी ज्यांच्याकडे सुरक्षित वाटतं तिथे जा, 181 वर महिला हेल्पलाईन आहे, 112 वर पोलीस. अंगावरच्या खुणांचे फोटो काढा, सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो त्याच्याकडे अर्ज देता येतो.

त्याला खरंच आजार असू शकतो, डॉक्टरला दाखवायला हरकत नाही, आजार निघाला तर 3 आणि 4 मध्ये लिहिलंय ते लागू. पण तुम्ही स्वतःच एक तपासून बघा. हे जे बाहेरचं आहे ते त्याच्या साहेबासमोर कधी आलंय का? हप्ता मागायला येणाऱ्या फायनान्सवाल्यावर कधी हात उचललाय? की ते दार लावल्यावरच येतं, आणि तोंडावर न मारता पाठीवरच मारतं?